धरणाखालचे गार पाणी

(मंडळाच्या श्रावण महिन्यातील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला ‘अमेरिकेतील अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. या व्यासपीठावरून या विषयावर आजवर पाच-सहा भाषणे झाली. तेथील रस्ते किती रुंद आणि दुकाने किती मोठी, हे आता आपल्यापैकी प्रत्येकीला पाठ झाले असेल. तेव्हा त्यात मी भर घालत नाही. मी फक्त एका तळ्याबद्दल बोलणार आहे, आणि हिवाळा सरता सरता त्या तळ्यात ट्राउट नावाचा मासा कसा धरतात त्याबद्दल. आपल्यात शाकाहारी भगिनी पुष्कळ आहेत. त्यांनी कंटाळू नये, कारण या गोष्टीत मासा थोडा आणि पाणी फार आहे.

माझी मुलगी मिझुरी राज्यात स्प्रिंगफील्ड गावी एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिला रात्रपाळ्या फार. आठवड्यातून एकदा पाळी संपली की घरी येऊन झोपायचे सोडून ही मुलगी मोटार काढते, सत्तर किलोमीटर दूर जाते आणि एकटी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते, असे मला जावईबापूंकडून कळले. फेब्रुवारी महिन्यात! बाहेर पारा शून्याखाली! आईच्या पोटात काय होते ते तुम्हांला सांगायला नको. मी म्हटले, “मी येते तुझ्याबरोबर. पाहू दे मला, हे काय प्रकरण आहे ते.” ती म्हणाली, “चल की, आई. पण काठावर बसून राहावे लागेल हं.”

तळ्याचे नाव टेनीकोमो. टेनी कौंटी, मिझुरी, या शब्दांचीच अक्षरे जुळवून ते केलेले आहे. तळे म्हणतात, पण खरे म्हणजे ती व्हाइट नावाची नदीच. १९१३ साली तिच्यावर खालच्या बाजूला वीज निर्माण करण्यासाठी एक धरण झाले आणि बावीस मैल लांबीचे, नदीसारखेच वळणावळणाचे तळे तयार झाले. त्या काळी ते पाणी उबदार होते. काठावर रॉकअवे बीच नावाचे गाव वसले. उन्हाळ्यात लांबलांबून कुटुंबे तेथे येत, मुले दिवसभर डुंबत, खाणावळी भरून जात. मग १९५८ साली वरच्या अंगाला टेबल रॉक नावाचे दुसरे, अडीचशे फूट उंचीचे धरण पुरे झाले आणि खालच्या तळ्याचा सगळा स्वभावच पालटला.

हे कसे झाले ते थोडे नीट सांगते, कारण मलाही ते समजायला दोन दिवस लागले. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, हलके होते आणि वरच राहते. हिवाळ्यातले जड, गार पाणी तळाशी दबून राहते. आपण शेगडीवर पाणी ठेवतो तेव्हा जाळ खालून असतो, म्हणून सारे पाणी ढवळले जाते. सूर्याचा जाळ वरून असतो, म्हणून ते ढवळले जात नाही. आता टेबल रॉकच्या भिंतीत वीजयंत्रांकडे पाणी नेणारी तोंडे शंभरावर फूट खोल आहेत. म्हणजे वर लोक पोहत असले तरी भिंतीखालून बाहेर पडते ते तळाचे, बर्फासारखे पाणी. भर उन्हाळ्यातही टेनीकोमोत पाय घातला की कळ मस्तकापर्यंत जाते.

परिणाम असा, की उबदार पाण्यातले जुने मासे तेथून ओसरले. रॉकअवे बीचला पोहायला कोण येणार? ते गाव उतरणीला लागले ते लागलेच. वरच्या जलाशयाखाली तर माणसांची घरे-शेते गेली. ओॲसिस नावाचे एक गाव आजही त्या पाण्याखाली आहे. धरण पुरासाठी आणि विजेसाठी बांधले, त्याचा उपयोग झाला, हे खरेच. पण मुळशी आणि कोयना ज्यांना ठाऊक आहेत त्यांना अशा जमाखर्चाची दुसरी बाजू समजावून सांगावी लागत नाही. मला एवढेच वाटले, की आज काठावर गळ घेऊन हसतखेळत बसलेल्या मंडळींपैकी किती जणांना ओॲसिसचे नाव माहीत असेल?

मग त्या गार पाण्यात सरकारने ट्राउट सोडला. धरणाच्या पायथ्याशीच माशांची पैदास करण्याचे मोठे केंद्र आहे. ट्राउटला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी वीस अंशांच्या पलीकडे गेले की त्याचा जीव घाबरा होतो. हा मासा काही तेथला नव्हे. अंगावर गुलाबी पट्टा असलेला ‘रेनबो’ १८८२ साली पश्चिम किनाऱ्याकडून मिझुरीत आला. तांबूस ठिपक्यांचा ‘ब्राउन’ मूळचा युरोपातला. आपल्याकडे काश्मीरच्या ओढ्यांत आणि निलगिरीवर जो ट्राउट आहे, तोही साहेब लोकांनी असाच बाहेरून आणून सोडलेला. टेनीकोमोत रेनबो थंडीत गोट्यांत अंडी घालतो, पण त्यांतून फारसे काही वाढत नाही. म्हणून केंद्रातून पिल्ले वाढवून वर्षभर सोडत राहावे लागते. थोडक्यात, यंत्राचे पाणी आणि सरकारी मासा. पण पहाटेच्या धुक्यात ते तळे पाहिले तर कोणी तसे म्हणणार नाही. पाणी हवेपेक्षा ऊन असल्यामुळे सगळ्या तळ्यावर वाफ उठलेली असते आणि त्या वाफेत माणसे कमरेपर्यंत उभी असतात. आवाज म्हणून नाही.

आता मुलीची तयारी ऐका. छातीपर्यंत येणारी रबरी विजार, आत दोन लोकरी विजारी. बुटांना नमद्याचा तळ चालत नाही. नमद्यात ओल राहते आणि तिच्यातून एका नदीचे चिवट शेवाळ दुसऱ्या नदीत जाते, म्हणून २०१२ पासून तेथे ट्राउटच्या पाण्यात तसे बूट घालायला कायद्याने बंदी आहे. (आपण देवळात जाताना पाय धुतो ना, तसेच हे, असे मी तिला म्हटले. ती हसली.) हलकी काठी, कोळ्याच्या धाग्यासारखी बारीक दोरी, त्यावर बोराएवढे तरंगणारे बोंड. ते हलले की मासा लागला असे समजायचे.

आणि गळाला आमिष काय, तर काहीच नाही! नुसता धागा. हिवाळ्यातही त्या पाण्यावर चिलटे होतात. त्यांच्या अळ्या आणि कोलंबीचा दूरचा भाऊबंद शोभेल असा तांदळाएवढा एक जलकिडा, हे ट्राउटचे रोजचे अन्न. त्याची नक्कल म्हणून तिळाएवढ्या गळावर काळा धागा गुंडाळायचा आणि वर रुपेरी तारेचे तीन-चार वेढे द्यायचे. मुलगी संध्याकाळी हे करत बसे. मी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हटले, “अग, तुझा धागा सैल पडतोय. आण इकडे.” पन्नास वर्षे भरतकाम केलेल्या हाताला ते अवघड कसले? मी बांधलेल्या गळाला दुसऱ्या दिवशी तीन मासे लागले. हे मी येथे सांगणार नव्हते, पण सांगून टाकले.

हिवाळ्याच्या अखेरीस तेथे एक विशेष गोष्ट घडते. वरच्या मोठ्या जलाशयात शॅड नावाचा चांदीसारखा लहान मासा असतो, आपल्या तारलीच्या जातकुळीतला. त्याला कडाक्याची थंडी सोसत नाही. पाणी फारच गारठले की तो गळाठतो, मरतो आणि यंत्रांतून ओढला जाऊन खालच्या तळ्यात येतो. मग ट्राउटची दिवाळीच! त्या दिवसांत काळा धागा सोडून पांढऱ्या मऊ पिसाचा गळ लावतात. हे दरवर्षी होतेच असे नाही, थंडीवर अवलंबून. पण झाले की मोठे ब्राउन ट्राउट खोलातून वर येतात. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी याच तळ्यात ३४ पौंड १० औंसांचा, म्हणजे जवळजवळ पावणेसोळा किलोंचा ब्राउन धरला गेला. तो राज्याचा उच्चांक ठरला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात याच तळ्यातल्या ४० पौंड ६ औंसांच्या माशाने तो मोडला. आमच्या वाट्याला हातभर लांबीचेच आले.

आता मी ज्यासाठी गेले होते त्या गोष्टीकडे येते. पाणी शांत आहे, गुडघाभर आहे, पण ते तसे असते ते वरची यंत्रे बंद असतात तोवरच. विजेची मागणी वाढली की यंत्रे सुरू होतात. एकूण चार आहेत. चारही चालू झाली की धरणाखाली पाणी डोक्यावरून जाईल इतके चढते, आणि कमरेवर आले की त्या ओढीत पाय टिकत नाहीत. सुरू होण्यापूर्वी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की हातातला मासा, दोरी, जे असेल ते सोडून काठ गाठायचा, हा तेथला पहिला नियम. पहिल्याच दिवशी तो वाजला. माझ्या छातीत धस्स झाले. बारा जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा मी सहा वर्षांची होते. पाण्याचा आवाज काय असतो ते आपल्या पेठांतून जुन्या बायकांना विचारावे. आजही खडकवासल्यातून पाणी सोडले आणि भिडे पूल बुडाला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते.

मुलगी मात्र त्या भोंग्यासरशी दोरी गुंडाळून, घाई न करता, तिरपी चालत बाहेर आली. आणि तिच्यामागोमाग दहा-बारा माणसेही. कोणी “आणखी एकच” म्हणाले नाही. एक वृद्ध गृहस्थ बाहेर येताना मागे वळून मोजत होते, सगळे आले की नाही ते. मला जे पाहायचे होते ते मी पाहिले. धरणातून केव्हा किती यंत्रे चालणार याचे अंदाजी वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर होते, पण ते पाळले जाईलच असे नाही. म्हणून कान भोंग्याकडेच ठेवायचा. ते वेळापत्रक आता माझ्याही मोबाइलमध्ये आहे. मुलीच्या सुटीच्या आदल्या रात्री मी ते उघडून पाहते आणि यंत्रे चालणार असली की तिला कळवते. ती म्हणते, “आई, मीही पाहिलेय.” पाहिले असेल. मी कळवतेच.

एका गोष्टीत मात्र आमचे एकमत झाले नाही. धरणापासून तीनेक मैलांच्या भागात बारा ते वीस इंचांचा रेनबो ठेवून घेता येत नाही. लगेच सोडावा लागतो. ब्राउन वीस इंचांहून लहान असेल तर तोही. दिवसाला चारच मासे, त्यांत ब्राउन एकच. परवाना वेगळा. मुलगी तर बहुतेक सगळेच सोडते. मी म्हटले, “खायचा असेल तर धरावा. ओठाला गळ लावून पुन्हा सोडून देणे ही कसली दया?” तिचे म्हणणे असे, की खरे आमिष मासा पोटापर्यंत गिळतो आणि मग सोडला तरी मरतो, म्हणून त्या भागात खऱ्या आमिषाला बंदीच आहे. धाग्याचा गळ ओठातच अडकतो. हात आधी पाण्यात भिजवायचा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. पाण्याबाहेर क्षणभरच धरायचा, आणि शेपटीशी आधार देऊन तोंड प्रवाहाकडे करून तो आपण होऊन जाईपर्यंत थांबायचे. ती हे करताना मी पाहिले. रात्रभर आजारी माणसांची उशी-पांघरुणे सारखी करणारा हात तोच. मग मी वाद घातला नाही. पण माझे मत अजून तेच आहे, आणि लोणावळ्याला वळवणच्या धरणावर टाटा कंपनी महसीरची पिल्ले वाढवून नद्यांत सोडते ते मला अधिक पटते.

नियमात बसणारे दोन मासे आम्ही घरी आणले. ट्राउटचे खवले इतके बारीक असतात की काढावे लागत नाहीत. पोट साफ करायचे आणि पाठीला चिरा द्यायच्या. हळद, तिखट, मीठ आणि मी नेलेले आगळ लावून अर्धा तास ठेवले, रव्यात घोळवून तव्यावर परतले. मांस नाजूक, काटा सरळ निघतो. आपल्या समुद्राच्या माशाची चव नाही. आगळ थोडे जास्तच लावावे लागते. जावईबापूंनी भाताबरोबर दोन वेळा घेतला.

प्रमाण लिहून चिटणीसबाईंजवळ दिले आहे. ट्राउट नाही मिळाला तर बांगड्यालाही तेच चालेल, मात्र बांगड्याला आगळ निम्मेच पुरे.