डॉक्टरकी, नाटक आणि मधली अठरा वर्षं



आजचा विषय तुम्हा बंगळूरूच्या मराठी मंडळींपैकी कित्येकांच्या घरात निघालेला असणार. मुलगी मेडिकलला असते, नाहीतर मुलगा चांगल्या कंपनीत लागलेला असतो आणि एक दिवस म्हणतो, मला नाटकच करायचंय. मग डॉ. श्रीराम लागूंचं नाव हमखास पुढे येतं. त्यांनी नाही का चालती प्रॅक्टिस सोडली? हे उदाहरण देताना आपण गोष्टीचा शेवट सांगतो. मला आज तिचा मधला भाग सांगायचा आहे.

लागूंचा जन्म १९२७ चा, साताऱ्याचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकताना ते नाटकात रमले. १९५१ साली भालबा केळकर आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, उभी केली. पुढे ते कान-नाक-घशाचे सर्जन झाले, कॅनडा-इंग्लंडमध्ये शिकून आले, पुण्यात दवाखाना चालवला, टांझानियात जाऊन डॉक्टरकी केली. १९६९ मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्णवेळ नट झाले. तेव्हा ते बेचाळिशीला टेकले होते.

१९५१ ते १९६९. अठरा वर्षं. दिवसा पेशंट आणि संध्याकाळी तालीम, परदेशात गेलं की खंड, परत आलं की पुन्हा सुरुवात. पैसा नाही, नाव फार तर शहरापुरतं. पण भूमिका कशी बांधायची, वाक्य कुठे तोडायचं, समोरचा बोलत असताना आपण काय करायचं, हे सगळं ते या वर्षांत शिकले. म्हणूनच पूर्णवेळ नट झाल्यावर वर्ष-दीड वर्षात, २३ डिसेंबर १९७० ला, शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधले थकलेले अप्पासाहेब बेलवलकर ते उभे करू शकले. खुद्द लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते.

डॉक्टरकी या नटाच्या किती कामी आली, ते जरा जवळून पाहू. घशाचा सर्जन आरशातून स्वरतंतू पाहतो. छातीतून येणारी हवा त्या दोन बारीक पट्ट्यांना कंप देते, तेव्हा आवाज निघतो. श्वासाचा आधार सोडून घशावर जोर दिला की त्या पट्ट्या एकमेकींवर आपटतात, सुजतात, त्यांवर गाठी येतात. ‘नटसम्राट’सारख्या नाटकात लांबलांब स्वगतं असतात आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पुटपुटणं ऐकू जावं लागतं. तिथे नुसता मोठा आवाज पुरत नाही, श्वासाचा हिशेब लागतो. लागूंनी पुढे ‘वाचिक अभिनय’ या नावाचं पुस्तकच लिहिलं. ते वाचताना त्यांच्यातला सर्जन आणि नट वेगळे काढता येत नाहीत.

पण सोडणं ही एकच वाट नव्हती. त्याच बी. जे. मेडिकलचे डॉ. जब्बार पटेल दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना सांभाळत होते आणि पुण्याला येऊन नाटकं बसवत होते. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, तो त्यांच्या दिग्दर्शनाखाली. त्यातली ब्राह्मणांची रांग, क्षणात भिंत होणारी आणि क्षणात फुटणारी, आजही दिग्दर्शनाचा धडा म्हणून शिकवावी अशी आहे. त्या रांगेतले बहुतेक जण दिवसा कुठेतरी नोकरी करत किंवा शिकत. एकोणीस प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवलं, तेव्हा याच मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी काढली आणि १९८० मध्ये ते नाटक युरोपात नेलं. ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ हे जब्बारांचे चित्रपट त्याच मुशीतून आले. ‘उंबरठा’त स्मिता पाटीलच्या नवऱ्याचं काम केलं होतं तुमच्या बंगळूरूच्या गिरीश कार्नाडांनी.

तिसरी वाट डॉ. मोहन आगाशेंची. ‘घाशीराम’मधले नाना फडणवीस बी. जे. मेडिकलमध्ये मानसोपचार शिकवत होते. त्यांनी दोन्ही धरून ठेवलं आणि उतारवयात दोन्ही एकत्र आणलं. त्यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट तुम्ही जरूर पाहा. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित एका हत्तीमागे चालत सुटतात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळते. तिची कानडी वळणाची बोली तुमच्याइतकी आणखी कुणाला भिडणार? शास्त्रीबुवांची विद्या हरवलेली आहे आणि या निरक्षर बाईला आजाराचं नावही ठाऊक नाही, पण या माणसाला भूक लागली आहे एवढं तिला बरोबर कळतं. शास्त्रीबुवांची भूमिका करणाऱ्या आगाशेंनी असे रुग्ण आणि त्यांची घरची माणसं वर्षानुवर्षं पाहिलेली आहेत.

एकाने डॉक्टरकी सोडली, एकाने दोन्ही डगरींवर पाय ठेवला, एकाने दोन्हींची मोट बांधली. तिघांमध्ये समान होती ती हौशी संस्था. संध्याकाळी उघडी असलेली एक खोली, चुकलं तर तोंडावर सांगणारे सोबती आणि फसलेलं नाटकही पाहायला येणारे लोक. हे नसतं, तर लागूंचं धाडस ही निव्वळ उडी ठरली असती. आणि या वाटेला दुसरी बाजूही आहे. डॉ. काशिनाथ घाणेकरही दंतवैद्यक सोडून रंगभूमीवर आले, अफाट लोकप्रिय झाले आणि १९८६ मध्ये अमरावतीला दौऱ्यावर असतानाच गेले. पूर्णवेळ नटाचं आयुष्य माणसाला किती पिळून काढतं, तेही मुलांना सांगायला हवं.

म्हणून घरात हा प्रश्न निघाला, तर “सोडू की नको” यावर लगेच भांडू नका. त्याला विचारा, तू सध्या कुणाबरोबर, कुठे, काय बसवतो आहेस? उत्तर नसेल, तर आधी ते शोधायला मदत करा. या शहरात ते सापडण्यासारखं आहे. जे. पी. नगरला रंगशंकरा हे नाट्यगृह २००४ पासून उभं आहे. मुंबईत मराठीसह अनेक भाषांत नाटकं केलेल्या अरुंधती नागांनी पती शंकर नागांचं स्वप्न म्हणून ते बांधून घेतलं. तिथे उशिरा येणाऱ्याला दार उघडत नाहीत. नाटकाविषयीचा तो आदर मुलांनी लहानपणीच पाहावा.

आणि आपल्या मराठी मंडळाकडे माझं एक मागणं आहे. सणासुदीला बाहेरून नाटक आणायला आपण खर्च करतो, तो करावाच. त्याच्याच खाली अंदाजपत्रकात आणखी एक ओळ घाला: आठवड्यातून दोन संध्याकाळी सभागृह तालमीला मोफत. नाटक चांगलं होईल याची हमी मागू नका. पीडीएकडेही ती कुणी मागितली नव्हती.