रेबेंच्या दारातली रांग



ज्यूंमधला हसीदी पंथ कसा उभा राहिला, त्याचे संस्थापक बाल शेम तोव्ह कोण, हे व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. मला आज एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. दान पैशात मोजतात, ते मला मान्य नाही. कोणासाठी किती वेळ थांबलात, ते सांगा.

म्हणून या पंथाच्या एका रेबेंची, म्हणजे धर्मगुरूंची, गोष्ट: येकुसिएल येहुदा हालबर्श्टाम. जन्म १९०५ चा, गॅलिशियातल्या रुडनिकचा. ऐन तारुण्यात क्लाउझेनबुर्गचे, म्हणजे आजच्या रुमानियातल्या क्लुजचे, रब्बी झाले. पणजोबा सान्झचे हाइम हालबर्श्टाम. आलेला पैसा रात्री घरात राहू द्यायचा नाही, ही त्यांची ख्याती. पणतूकडे वाटायला पैसाच राहिला नाही. पत्नी आणि मुलं १९४४ साली नाझींच्या ऑश्विट्झ छावणीत मारली गेली. थोरला मुलगा तेवढा वाचला, तोही युद्ध संपल्यावर आजारात गेला. अकरा मुलं होती.

युद्धानंतर म्युनिकजवळ फ्योरेनवाल्डला निर्वासितांची छावणी होती. योम किप्पुरची, ज्यूंच्या उपासाच्या पवित्र दिवसाची, पूर्वसंध्या. उपास सुरू व्हायच्या आधी बाप लेकरांना आशीर्वाद देतो, ही चाल. रेबे प्रार्थनेला निघालेले आणि दारात एक मुलगी. वडील राहिले नाहीत, मला आशीर्वाद कोण देणार? अनुयायी सांगतात, रेबेंनी तिच्या डोक्यावर कापड टाकलं, त्यावर हात ठेवला आणि सारा, रिबेका, राहेल, लेआ या आदिमातांची नावं घेत आशीर्वाद दिला. ती गेली तर दुसरी आली. मग तिसरी. रांगच लागली. तिकडे प्रार्थनेला माणसं खोळंबलेली, आणि हे इकडे एकेकीच्या डोक्यावर हात ठेवताहेत, पहिलीला जेवढा वेळ तेवढाच शेवटचीला.

वेळेची पहिली घंटा झाली, ऐकली मी. हा प्रसंग मी आवरता घेणार नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ‘आशीर्वादाने पोट भरतं का?’ नाही भरत. याच माणसाने छावण्यांमधून शाळा काढल्या, कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारी, स्वयंपाकघरं चालवली, अनाथ मुलामुलींची लग्नं लावली. पण त्या संध्याकाळी जिला बाप हवा होता, तिच्या हातावर भाकरी ठेवली असती तर सुटका देणाऱ्याची झाली असती. तिची नव्हे. टाळ्या नकोत, वेळ जातो.

आता रुग्णालय. नाझींच्या छळाच्या दिवसांत रेबेंच्या दंडाला गोळी लागली. नाझींच्या दवाखान्यात पाऊल टाकलं तर परत येणं नाही, म्हणून झाडाचं पान जखमेवर दाबून त्यांनी रक्त थांबवलं. जगलो तर असं रुग्णालय काढीन, जिथे प्रत्येकाला सारखंच वागवतील, हा त्यांनी तेव्हाच सोडलेला संकल्प. १९७० च्या दशकात इस्रायलमध्ये नेतान्याला लानियादो रुग्णालय उभं राहिलं. रोगी ज्यू असो की अरब, दार उघडं. आणि संप नाही! रुजू होतानाच कर्मचाऱ्यांनी तसं कबूल करायचं, ही रेबेंची अट. देशभर डॉक्टर संपावर गेले तरी इथे रोगी ताटकळू नये. माझा सगळा मुद्दा या एका अटीत आहे.

दुसरी घंटाही झाली. रुग्णालयातली परिचारिकांची शाळा सांगायची राहिली, रेबेंची न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनची वर्षं राहिली. रेबे १९९४ साली गेले. सभागृह नऊला रिकामं करायचं आहे म्हणतात. प्रश्न असतील त्यांनी बाहेर कट्ट्यावर यावं. मी थांबतो.