भिंतीची ओल आणि भिंतीचा रंग

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून भिंतीच्या बुरशीविषयी बोलावयाचे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु मुले दिवसा ज्या वर्गात बसतात आणि रात्री ज्या खोलीत अभ्यास करतात, त्या चार भिंतींचा शिक्षणाशी निकटचा संबंध आहे. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला.

आपण मराठवाड्याची माणसे दुष्काळात वाढलेली. 2012-13 मध्ये आपला जालना जिल्हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी साठवावे कसे, पुरवून वापरावे कसे, हे आपल्याकडील लहान मूलही सांगेल. पण घरात शिरलेले पाणी घालवावे कसे, हे आपल्याला कोणी शिकविले नाही. सप्टेंबर 2025 मध्ये ती वेळ आली. अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून दोन लाख क्युसेकहून अधिक पाणी सोडावे लागले, आणि आपल्या अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी काठच्या गावांत शिरली. जेथे नदी पोहोचली नाही तेथे माळवदे गळली, स्लॅब पाझरले. पाणी ओसरल्यावर पिकांचे, जनावरांचे, पडलेल्या घरांचे पंचनामे झाले. पण उभ्या राहिलेल्या घराच्या भिंतीत जे पाणी मुरले, त्याचा पंचनामा कोण करणार? तो आपला आपणच करावयाचा आहे.

बुरशी ही काही आपल्याला अनोळखी नाही. काढणीच्या वेळी पाऊस लागला की ज्वारी काळी पडते. ओल्या शेंगा पोत्यात भरल्या की बिघडतात. म्हणूनच धान्य वाळवल्याशिवाय कोठीत टाकू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. 1974 साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत पावसात भिजलेल्या मक्यावर बुरशी वाढली. तो मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. तेव्हा पुरात भिजून बुरसलेले धान्य धुऊन, वाळवून, दळून खाण्याचा मोह कोणी करू नये. बुरशी दिसेनाशी झाली तरी तिचे विष धान्यात राहते आणि भाकरी भाजल्याने ते पुरते जात नाही.

जो नियम धान्याला, तोच भिंतीला. बुरशीचे सूक्ष्म बीजकण हवेत सर्वत्र असतात. त्यांना कोणी नाहीसे करू शकत नाही. लाकूड, कागद, कापूस, गादी, भिंतीवरची धूळ, हे सारे त्यांचे खाद्य. तेही प्रत्येक घरात असतेच. उणीव असते ती फक्त ओलीची. ओल मिळाली की एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. म्हणजे आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाणी. माझे आजचे सारे सांगणे एवढेच आहे. बुरशी हा भिंतीचा मळ नव्हे, तो आत पाणी असल्याचा पुरावा आहे.

आणि आपण काय करतो? ईद जवळ आली, घरात निकाह ठरला, शाळेत पाहुणे येणार असले, की त्या काळ्या डागांवर रंगाचा हात फिरवितो. चार महिन्यांत पोपडे सुटतात आणि डाग पुन्हा वर येतो. मग रंग खराब होता, असे म्हणून मोकळे होतो. रंग खराब नव्हता, भिंत ओली होती. त्यातही तेलरंग अधिक वाईट, कारण तो भिंतीचा श्वास कोंडतो. पांढऱ्या मातीच्या जुन्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केला की हेच होते. चुन्याची सफेदी त्या मानाने बरी. ती ओल बाहेर पडू देते आणि ताजा चुना बुरशीला मानवत नाही. पण त्याचाही जोर कालांतराने ओसरतो, आणि पाझर चालूच असेल तर चुना तरी काय करणार?

ओल झाकण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे एक उदाहरण सांगतो. इंग्लंडमधील रॉचडेल गावी अवाब इशाक नावाचे एक बालक होते. आईबाप सुदानहून आलेले, घर भाड्याचे. भिंतींना बुरशी आल्याची तक्रार वडिलांनी 2017 पासून केली. वरून रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले. डिसेंबर 2020 मध्ये, नुकताच दोन वर्षांचा झालेला अवाब श्वसनाच्या विकाराने वारला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हेच त्याचे कारण, असा निष्कर्ष 2022 मध्ये चौकशीत निघाला. पुढे तेथे त्याच्या नावाने कायदा झाला आणि ऑक्टोबर 2025 पासून तो लागू होऊ लागला. प्रत्येक बुरसलेल्या घरात असे घडते, असे मुळीच नाही. परंतु ओलीच्या घरात खोकला व दमा बळावतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच सांगून ठेविले आहे. आपले मूल पावसाळाभर खोकत असेल, शाळा बुडवीत असेल, तर डॉक्टरांकडे जरूर जावे. पण येऊन त्याच्या उशाशी असलेली भिंतही पाहावी.

आता प्रत्यक्ष करावयाचे काय?

पहिले काम पाण्याची वाट शोधण्याचे. गच्चीचा कोबा फुटला आहे काय, पन्हाळ तुंबली आहे काय, मोरीचे पाणी जोत्याशी मुरते काय, हे पाहावे. कळत नसेल तर एक सोपा प्रयोग आहे, विद्यार्थ्यांनी तो जरूर करावा. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा व एक-दोन दिवस ठेवावा. भिंतीकडील बाजूस थेंब जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडील बाजूस जमले तर ती खोलीतील हवेची आहे आणि खिडकी उघडण्याची गरज आहे.

दुसरे काम वाळविण्याचे. पूर ओसरताच गाळ काढावा, सामान भिंतीपासून दूर करावे, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. मात्र वायरमनने तपासल्याखेरीज पंख्याचे बटण दाबू नये. विटांची भिंत वाळण्यास आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर रंगाचा डबा उघडू नये.

तिसरे काम सफाईचे. नाकातोंडाला चांगला मास्क व हातात रबरी मोजे घालावेत. सुका झाडू फिरवू नये, त्याने बीजकण घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने घासावे, पुसावे व पुन्हा वाळवावे. ब्लीचिंगचे पाणी आणि संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. दम्याच्या रुग्णाला आणि मुलांना या कामापासून लांब ठेवावे. कापसाच्या गाद्या, उशा व फुगलेली भुशाची फळी बुरसली असेल, तर जिवावर आले तरी टाकून द्यावी.

भिजलेल्या पुस्तकांचे काय? 1864 साली स्थापन झालेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला 2005 आणि 2021 या दोन्ही पुरांचा तडाखा बसला. नोव्हेंबर 1966 मध्ये इटलीतील फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात दहा लाखांहून अधिक ग्रंथ चिखलात गेले. तेव्हा देशोदेशीचे विद्यार्थी धावून गेले, हातोहात पुस्तके बाहेर काढली, आणि तंबाखू वाळविण्याच्या कोठारांतसुद्धा ती वाळविण्यात आली. आपल्या पेटीतील गुणपत्रिका, दाखले, धर्मग्रंथ भिजले, तर तीच रीत लहान प्रमाणात करावी. पानांत कोरा टीपकागद घालावा, तो वरचेवर बदलावा, वारा लागेल अशा सावलीत ठेवावे. ओल्या कागदाला लॅमिनेशन करू नये. गुणपत्रिका वाचण्याजोगी राहिली नाही, तर शाळेमार्फत मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा. शिक्षण थांबवू नये.

शेवटी पालकांना एक विनंती. शाळेत आलात की मुलाचे गुण विचाराच, पण वर्गाच्या कोपऱ्यात कुबट वास येत असेल तर तेही विचारा. शाळा रंगविण्यासाठी वर्गणी मागितली गेली, तर आधी गच्ची दुरुस्त झाली काय, असा प्रश्न करा. अशा प्रश्नाने शिक्षकांना राग येऊ नये, आणि समितीलाही येऊ नये. आपल्या अंतरवाली सराटीच्या शेतकऱ्याला ओले धान्य कोठीत टाकू नये, हे कोणी सांगावे लागत नाही. तोच शहाणपणा घराला आणि शाळेला लावला की पुरे. पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, गच्चीवर एक फेरी मारावी. त्या वेळी दुरुस्ती स्वस्तात होते.