अपुऱ्या दिवसांचे बाळ, वाढते वजन आणि हृदय

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या सुमारे ३६व्या आठवड्यापर्यंत घडत असल्याने अशा बाळाच्या वाट्याला त्या कमी येऊ शकतात व पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका राहतो. त्यात लठ्ठपणाची भर पडली, तर हृदयावर दुहेरी भार येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात जन्मलेल्या मुलांची डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी आठव्या वर्षी तपासणी केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, जन्मतः वजन कमी पण आठव्या वर्षी चरबी अधिक असलेल्या मुलांमध्ये इन्सुलिन-प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराने पुरेशी दाद न देणे, सर्वाधिक आढळला. जन्मवजन पूर्ण दिवस भरूनही कमी असू शकते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पिंपळगाव बसवंतसारख्या द्राक्ष-टोमॅटोच्या बाजारगावातही नाजूक जन्मलेले मूल बाळसे धरू लागले की घरात समाधान पसरते, आणि ते रास्तच आहे. मात्र वजन उंचीच्या मानाने फार वेगाने वाढत असेल, तर डॉक्टरांना जन्माचे आठवडे व जन्मवजन आवर्जून सांगावे. अशा मुलाचा रक्तदाब तिसऱ्या वर्षाआधीपासूनच मोजणे इष्ट असते, व त्यासाठी दंडाच्या मापाचाच पट्टा लागतो, कारण अरुंद पट्टा जाड दंडावर रक्तदाब खोटाच जास्त दाखवतो, तर मोठ्यांचा रुंद पट्टा बारीक दंडावर कमी.