ऐकणारा नसतां ध्वनि असतो काय?

(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



निर्जन अरण्यांत एखादा वृक्ष उन्मळून पडला व तेथें ऐकावयास कोणीहि नव्हतें, तर ध्वनि झाला कीं नाहीं? हा जुना प्रश्न आकुर्डीसारख्या गांवीं काढणें थोडें विनोदाचें वाटेल. एका अंगास आगगाडी, दुसऱ्या अंगास पुणें-मुंबई रस्ता, आणि सभोंवार कारखाने. येथें ध्वनीला श्रोत्यांची वाण नाहीं, श्रोत्यांनाच शांततेची वाण आहे. तथापि हा प्रश्न आपल्याच घरचा आहे, असें मी दाखवूं इच्छितों.

‘ध्वनि’ या एका शब्दांत दोन गोष्टी दडलेल्या आहेत: एक हवेंतील कंप, दुसरी त्या कंपापासून मनास होणारी जाणीव. आपल्या नैयायिकांनीं ध्वनि हा आकाशाचा गुण मानला, व पाण्यांत लाटेमागून लाट उठावी तसा तो कानापर्यंत येतो असें सांगितलें. ग्रीक तत्त्ववेत्त्या ऍरिस्टॉटलचें मत असें कीं, वाजणें व ऐकणें हीं प्रत्यक्षांत एकदमच घडतात. श्रोता नसतां वस्तूच्या ठायीं वाजण्याची पात्रता तेवढी असते.

कंपापुरतें उत्तर सृष्टीनेंच दिलें आहे. २७ ऑगस्ट १८८३ रोजीं क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला. सुमारें ४८०० किलोमीटर दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर तोफा डागल्यासारखा आवाज ऐकूं आला. पुढें तो मनुष्याच्या कानास लागला नाहीं. परंतु हवेच्या दाबाची ती लाट अनेक वेळां पृथ्वीप्रदक्षिणा करीत राहिली, व देशोदेशींच्या वायुभारमापकांनीं ती टिपून ठेविली. ऐकणारा नव्हता; कंप होता.

आतां घरीं येऊं. आपल्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं कित्येक वर्षें पॉवर प्रेसवर काम केलें. एके रविवारीं त्यांनीं पत्नीस विचारलें, “हल्लीं वेदीवरची लहान घंटा वाजवीत नाहींत काय?” बाई म्हणाल्या, “अहो, रोजच वाजते.” मोठी घंटा त्यांस ऐकूं येत होती, लहानीचा बारीक स्वर तेवढा हरपला होता.

याचें कारण शास्त्रास ठाऊक आहे. यंत्रांच्या सततच्या गोंगाटानें दर सेकंदास ४००० कंपांच्या आसपासच्या उंच स्वरांची जाणीव प्रथम जाते. मग स, श यांसारखीं व्यंजनें निसटतात. बोलणें ऐकूं येतें, शब्द कळत नाहींत. अंतःकर्णांतील सूक्ष्म केसपेशी एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. म्हणूनच आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबल ही मर्यादा आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांनीं घातली, व १९४८ च्या कारखाने अधिनियमांतील रोगांच्या यादींत या बहिरेपणाचाहि पुढें समावेश झाला.

“आतां आवाजाची सवय झाली,” असें कामगार म्हणतो, तेव्हां पुष्कळदां सवय झालेली नसते. कान गेलेला असतो. यंत्राचा कंप थांबलेला नसतो, व त्याची इजाहि थांबलेली नसते. ज्याला ध्वनि केवळ जाणिवेंतच आहे असें वाटतें, त्यानें या गृहस्थांस भेटावें.

यास्तव माझें उत्तर असें: ध्वनि श्रोत्यावांचून असतो, हांक मात्र श्रोत्यावांचून पुरी होत नाहीं. घंटा वाजली, तरी त्या गृहस्थांपुरती तिची हांक अर्ध्या वाटेवरच राहिली.

तरुणांनो, पाळीवर जातांना इअरप्लग खिशांत नव्हे, कानांत ठेवा. आणि आपण सर्वांनीं बहिऱ्या वडीलमाणसांस पुढच्या बांकावर जागा द्यावी, त्यांच्याशीं समोर उभें राहून बोलावें. त्या बाई आतां लहान घंटा वाजतांच पतीच्या हातास हळूच स्पर्श करितात. अर्ध्या वाटेवर राहिलेली हांक अशा रीतीनें पोहोंचते.