कंपनीची किंमत आणि कंपनीची वाढ

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषा शिकवणारा मास्तर. कंपन्यांच्या किमतीवर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे तुमच्या मनात आले तर ते रास्तच आहे. पण गेल्या रमजानमध्ये आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. पुण्यातील एका नव्या संगणक कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. पगार थोडा आणि उरलेल्याच्या बदली कंपनीचे शेअर. "कंपनी दोनशे कोटींची आहे, सर," मुलगा म्हणाला. वडिलांची वीस वर्षे कुवेतला गेलेली. ते म्हणाले, "दोनशे कोटी आहेत, तर पगार पुरा का देत नाहीत?" प्रश्न बिनतोड होता.

समजा, एखाद्या नाखव्याने आपल्या होडीचा दहावा वाटा एक लाखाला विकला. लगेच गावात बोलले जाईल की होडी दहा लाखांची. पण नाखव्याच्या हाती आला एकच लाख. उरलेले नऊ लाख हिशेबातले. होडी उद्या विकायला काढली तर तेवढे येतील, अशी हमी कोणी दिलेली नाही. स्टार्टअपचे मूल्यांकन म्हणतात ते बहुधा असेच ठरते. शिवाय गुंतवणूकदार पुष्कळदा अट लिहून घेतो की, कंपनी विकली गेलीच तर आधी त्याचे पैसे परत. नोकरांचा वाटा त्याच्यामागून. आपल्याकडे मुदारबाचा करार असतो. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, नफा ठरल्या प्रमाणात, तोटा भांडवल देणाऱ्याचा. वरवर हा व्यवहार तसाच दिसतो. पण ती अट मुदारब्यात बसते की नाही, हे मला ठाऊक नाही. मौलानासाहेबांनी याबद्दल अधिक सांगावे.

आता एक खरे उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय संगणक शिकले आणि त्यांनी संगणकातील व्हायरस काढणारा प्रोग्राम लिहिला. १९९५ मध्ये कंपनीची नोंदणी झाली. तीच आजची क्विक हील. २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूक संस्थेने तीत ६० कोटी रुपये घातले. म्हणजे बाहेरचे मोठे भांडवल आले ते पंधरा वर्षांनी, आणि तोवर कंपनी वाढली ती गिऱ्हाइकांनी मोजलेल्या पैशांवर. फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर ३२१ रुपयांना बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी वीस टक्क्यांच्या आसपास घसरला. त्या एका दिवसात कंपनीचे काम पाचव्या हिश्शाने कमी झाले होते काय? अर्थातच नाही. किंमत ही लोकांची अटकळ असते.

आपल्या बागांत व्यापारी मोहोर पाहूनच झाडांचा सौदा करतो, तीही अटकळच. पण तो पालवी मोजत नाही. जोमाने पालवी फुटली की त्या वर्षी मोहोर कमी, हे त्याला ठाऊक असते. नव्या कंपन्यांत मात्र पालवीच मोजून दाखवण्याची चाल फार. किती लाख लोकांनी ॲप फोनवर घेतले हे मोठ्याने सांगतात. पैसे किती जणांनी दिले, ते हळू आवाजात. टक्केवारीचेही तसेच. दहा गिऱ्हाइकांची वीस झाली तरी वाढ शंभर टक्के!

बायजूज हे नाव पालकांना माहीत आहे. २०२२ मध्ये तिचे मूल्यांकन २२ अब्ज डॉलर सांगितले जाई. त्याच वर्षी सप्टेंबरात मार्च २०२१ अखेरचे हिशेब दीड वर्षाच्या उशिराने बाहेर आले, तेव्हा तोटा ४,५०० कोटींच्या वर निघाला. एक कारण असे की, पुढील वर्षांच्या शिकवणीचे पैसे आधीच उत्पन्नात धरण्याची पद्धत हिशेब तपासनिसांनी बदलायला लावली. आपल्या संस्थेने तीन वर्षांची फी जूनमध्येच घेऊन ती सगळी त्याच वर्षाची कमाई म्हणून दाखवली तर, तसे ते. २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

तेव्हा आम्ही तिघांनी मिळून चार प्रश्न लिहिले. गेल्या वर्षी पैसे दिलेल्या शंभर गिऱ्हाइकांपैकी यंदा किती परत आली? एक गिऱ्हाईक मिळवायला खर्च किती, आणि त्याच्याकडून मिळते किती? हातातली रक्कम सध्याच्या खर्चाने किती महिने पुरेल? माझे शेअर एकूण शेअरांपैकी किती, आणि ते केव्हा विकता येतील? मुलगा विचारायला संकोचत होता. वडील म्हणाले, "मासळी घेताना कल्ले उघडून बघतोस, तेव्हा लाजतोस का?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर आले ते ॲप घेणाऱ्यांच्या संख्येचे. दुसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्याचे मात्र मालकाने सरळ सांगितले : अकरा महिने. चौथ्याचा कागद दिला. मुलाने पूर्ण पगार मागितला. त्यांनी तो दिला आणि शेअर निम्म्यावर आणले. तो आजही तिथेच आहे, आणि दर तीन महिन्यांनी तिसरा प्रश्न पुन्हा विचारतो.