आधी आत काय आहे ते बघा

सांजवात झाली असेल, कुणाची भाकरी तव्यावर असेल. हात चालू द्या, कान इकडं द्या. आज आम्ही आमच्या बचत गटाच्या संगणकाची गोष्ट सांगणार आहोत. त्यात आम्ही एक मोठी चूक करता करता वाचलो, म्हणून ती मुद्दाम सांगायची.

आमच्या गटाकडं एक जुना संगणक आहे. त्यावर गटाचा हिशोब चालतो. समाजमंदिरात एक टीव्हीही आहे. आमच्या मनात आलं, शेळ्यांच्या लसीकरणाचे व्हिडिओ, शिवणाच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ, हळदीकुंकवाचे फोटो, भजनं, असं सगळं बारा जणींच्या बारा फोनमध्ये विखुरलंय. ते एका जागी आणून टीव्हीवर सगळ्यांना बघता आलं तर किती बरं होईल!

चौकशी केली तेव्हा ‘कोडी’ नावाचं सॉफ्टवेअर समजलं. ते फुकट मिळतं. 2014 पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं. आपले फोटो, गाणी, व्हिडिओ ते टीव्हीवर नीट मांडून दाखवतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कोडी स्वतः कुठलाही सिनेमा देत नाही. फडताळ त्याचं, डबे आपले. ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून कुणी कोडी भरलेला डबा विकायला आला, तर तो चोरीचा माल असू शकतो. त्याच्या नादी लागू नका.

आता प्रश्न आला, हे संगणकात बसवायचं कसं? आमच्यापुढं चार वाटा होत्या.

पहिली वाट, आहे त्या विंडोजवरच कोडी बसवायचं. घरात एक खोली भाडेकरूला द्यावी तसं. बाकीचं घर जसंच्या तसं राहतं. हिशोबाच्या फाइलींना धक्का लागत नाही. नको वाटलं तर कोडी काढून टाकता येतं. उणीव एवढीच की जुना संगणक सुरू व्हायला वेळ घेतो, आणि आधी विंडोज, मग कोडी असं दोनदा थांबावं लागतं.

दुसरी वाट, ‘लिब्रेइलेक’ नावाची प्रणाली बसवायची. ही 2016 साली निघाली, ती फक्त कोडी चालवण्यासाठीच. बटण दाबलं की थेट कोडी समोर येतं. जुन्या संगणकावरही ती हलकी चालते, फक्त संगणक 64 बिटचा लागतो. पण ही वाट म्हणजे जुनं घर पाडून नवं बांधणं. डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, विंडोजही जातं, आणि मग त्या संगणकावर हिशोब लिहिता येत नाही.

तिसरी वाट, हीच प्रणाली पेनड्राइव्हवर घालून तिथूनच चालवून बघायची. पाहुणा आला, राहिला, गेला, तसं. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं, पण संगणकाच्या डिस्कला हात लागत नाही. मात्र सुरू होताना पडद्यावर ‘इन्स्टॉल’ असाही पर्याय येतो. तिथं बोट आवरायचं. न वाचता ‘हो, हो’ करत गेलं की पाहुणाच घरमालक होऊन बसतो.

चौथी वाट, ‘रास्पबेरी पाय’ नावाचा छोटा संगणक घ्यायचा. हा 2012 पासून बाजारात आहे, साधारण एटीएम कार्डाएवढा. मेमरी कार्डावर लिब्रेइलेक घालायचं, एचडीएमआय वायरनं टीव्हीला जोडायचं. बऱ्याच टीव्हींवर टीव्हीच्याच रिमोटनं ते चालतं. जुन्या संगणकाचा संबंधच येत नाही. पण पैसे नव्यानं घालावे लागतात, आणि चालू असताना वीज गेली तर कार्डावरचं बिघडू शकतं. आपल्याकडं वीज कशी येते-जाते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आम्हाला दुसरी वाट आवडली. झटपट आणि सुटसुटीत. संगणक तालुक्याच्या दुकानात नेला. तिथला मुलगा म्हणाला, “मावशी, फॉरमॅट मारून देतो, अर्ध्या तासाचं काम.” हिशोबाच्या वह्या कागदावर होत्याच, म्हणून आम्ही मान डोलावली. तेवढ्यात आमच्यातली एक म्हणाली, “थांब रे बाळा. आधी आत काय आहे ते बघू दे.”

बघितलं. एका कोपऱ्यात ‘नवीन फोल्डर 3’ होतं. उघडलं, तर त्यात आमच्या आक्कांचा आवाज. जात्यावरच्या ओव्या. आक्का गेल्या त्याच्या आधीच्या श्रावणात कुणीतरी फोनवर त्या टिपल्या होत्या. तो फोन पुढं विहिरीत पडला. आम्हाला वाटत होतं की ओव्याही त्याच्याबरोबर गेल्या. माहेरच्या, भावाच्या, लेकीच्या ओव्या आक्का गात होत्या, मागं जात्याची घरघर होती, मध्येच आक्का खोकल्या आणि “पाणी आण गं” म्हणाल्या. दुकानात उभ्या उभ्या आमचे डोळे भरून आले. तो मुलगाही गप्प झाला. त्याची चूक नव्हती. आत काय आहे ते आम्हीच त्याला सांगितलं नव्हतं, कारण आम्हालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी फॉरमॅट केलं नाही. ओव्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर. दोन्ही प्रती दुसऱ्या संगणकावर लावून शेवटपर्यंत ऐकल्या. नुसतं नाव दिसलं म्हणजे फाइल चांगली आहे असं नाही, वाजवूनच बघावं लागतं. पेनड्राइव्ह एकीच्या घरी ठेवला, हार्डडिस्क दुसरीच्या. एका घरी काही झालं तरी दुसरीकडं राहील.

मग शांतपणे बसून चार प्रश्न स्वतःला विचारले. आत काय आहे? या संगणकावर दुसरं काम चालतं का? बिघडला तर गावात कोण बघेल? आणि मन बदललं तर मागं फिरता येईल का? उत्तरं लिहिल्यावर वाट आपोआप ठरली. आमचा हिशोब त्याच संगणकावर, आणि विंडोज जाणणारी मुलं गावात आहेत. म्हणून पहिली वाट धरली. कोडी त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवलं आणि विंडोजवर बसवलं.

ओव्या, भजन, प्रशिक्षण, फोटो असे फोल्डर केले, नावं नीट दिली. कोडीला फक्त फोल्डरचा पत्ता द्यायचा असतो. फाइली तिथंच राहतात, कोडी त्या उचलून नेत नाही. म्हणून कोडीत दिसतंय म्हणजे वेगळी प्रत झाली असं समजू नका.

तुमच्याकडं नुसता पडून असलेला संगणक असेल, आतलं सगळं काढून घेतलं असेल, तर दुसरी वाट खुशाल धरा. ठरत नसेल तर आधी पेनड्राइव्हवर चालवून बघा. आवाज येतो का, चित्र अडखळतं का, ते कळेल. संगणकाला जुनी निळ्या टोकाची व्हीजीए वायर असेल तर त्यातून नुसतं चित्र जातं, आवाज जात नाही. आवाजाची वायर वेगळी लावावी लागते. आम्ही त्यात एक संध्याकाळ घालवली!

परवा पहिल्यांदा समाजमंदिरात ओव्या लावल्या. आक्कांची सून पुढं बसली होती. “पाणी आण गं” ऐकलं आणि ती उठायलाच लागली. मग हसली, आणि पदर डोळ्याला लावला.

म्हणून सांगतो मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच काम करा. घरातल्या, गटातल्या संगणकात, जुन्या फोनमध्ये काय काय आहे ते उघडून बघा, आणि जे परत मिळणार नाही त्याच्या दोन प्रती करा. कुठल्या वाटेनं जायचं ते त्यानंतर ठरवा.

चला, भाकरी करपायच्या आत आमची रजा. नमस्कार!